विहीणबाईंचा गड्डा

मार्चअखेरीस विमान बहारीनवर उतरू लागलं तशी मी खिडकीला नाक लावून हिरवं काही दिसतंय का ते शोधू लागले. सवयच तशी. लग्न होऊन नागावच्या नारळ-सुपारीच्या वाडीत आले तेव्हापासून जमीन दिसली की मनात पहिला प्रश्न येतो, इथे काय लागतं? खाली समुद्र मात्र डोळे निववणारा होता. पाणी इतकं उथळ आणि नितळ की तळाची वाळू वरून दिसत होती. मग जमीन आली, तर तीही वाळूच. शेजारच्या सीटवरचा मुलगा मूळचा महाडचा, जुफैरमधल्या हॉटेलात कामाला. माझी मान अवघडलेली पाहून तो म्हणाला, "काकू, हिरवं शोधताय ना? आहे, पण लोकांच्या कंपाउंडात. वरून नाय दिसायचं."

बाहेर माझी मुलगी अनघा, जावई लार्श आणि सहा वर्षांची नात लीना उभी होती. लार्श नॉर्वेचा, इथल्या बंदरावर इंजिनिअर. साडेसहा फुटांचा हा गडी लग्नापासून मला वाकून नमस्कार करतो, आणि तो परत सरळ होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. लीनाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आजी, फारमूर इज कमिंग टू!" ती उड्या मारत म्हणाली. फारमूर म्हणजे वडिलांची आई, माझी विहीण मारीत.

आम्हा दोघींना अनघानं मुद्दाम एकाच वेळी बोलावलं होतं. सतरा मे हा नॉर्वेच्या राज्यघटनेचा दिवस. आपल्यासारखं झेंडावंदन आणि भाषण यावर त्यांचं भागत नाही. त्या दिवशी तिथली मुलं नवे कपडे घालून, झेंडे हलवत गावभर मिरवणूक काढतात. बहारीनमधली नॉर्वेची मंडळीही हा सण करतात. लार्शचे वडील आर्ने आदल्या वर्षी वारले होते. त्यामुळे या खेपेला सण घरच्या सगळ्यांनी मिळून करायचा, असं ठरलं होतं.

त्यांचं घर सनदमध्ये, मनामाच्या दक्षिणेला. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्या भिंती मातकट रंगाच्या. दुसऱ्याच दिवशी मी फिरायला गेले आणि भलत्याच घराचं फाटक ढकललं. आत एक म्हातारे अरब गृहस्थ शिडी लावून खजुराच्या झाडावर चढले होते. नराच्या फुलोऱ्याची काडी मादीच्या फुलोऱ्यात खोचून ते दोरीनं बांधत होते. मी घर विसरून बघतच राहिले. त्यांनी वरूनच विचारलं, "हिंदी?" म्हणजे हिंदुस्थानातली का. मी मान डोलावली. "यल्ला," म्हणत त्यांनी बसायची खूण केली, आणि खाली उतरून करक (दूध आटवलेला कडक चहा) पाजला. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. पण मी हातवारे करून माडावर चढायची आमची पद्धत दाखवली आणि ते पोट धरून हसले. घर त्यांनीच दाखवलं. ते त्यांच्या शेजारचंच होतं.

आठवड्याभरानं मारीत आली. उंच, पांढऱ्या केसांची, चालणं तुरुतुरु. आमचं दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालतं, ते इथे मराठीतच देते. आपल्याकडे मुलाच्या आईनं रुसायचं आणि मुलीच्या आईनं मनधरणी करायची. मारीतला आपल्या या हक्काची कल्पनाच नाही. मी मात्र मुलीची आई म्हणून जिभेला लगाम घालून होते. ती आली, हातपाय धुतले, बॅग उघडली, आणि लोकरीच्या मोज्यातून एक मळकट गड्डा काढून टेबलावर ठेवला. सुरणाच्या फोडीएवढा. वर लाल चोचींसारखे दोन डोळे.

"आर्नेचा रबार्ब्रा," ती म्हणाली.

रबार्ब्रा म्हणजे अळूसारखी रुंद पानं आणि लांब लाल देठ असलेलं एक झाड. खायचे ते फक्त देठ, चव आंबट चुक्यासारखी. नॉर्वेत बर्फ वितळला की पहिल्यांदा हेच उगवतं. मारीतच्या घरची रीत अशी, की वसंतातला पहिला देठ घरातल्या पोराच्या हातात द्यायचा. पोरानं दाराच्या पायरीवर बसून, वाटीत साखर घेऊन, तो बुडवून बुडवून कच्चा खायचा. आर्नेनं लहानपणी खाल्ला, लार्शनं खाल्ला. लीनाच्या नशिबात तो आला नव्हता, कारण हे लोक नॉर्वेला जातात ते नाताळात, बर्फात. आता आर्ने गेल्यावर घर आणि बाग विकली होती. नवीन मालक बाग उखडून गाडी ठेवायची जागा करणार होते. मारीतनं शेवटचा गड्डा खणला, सरकारी तपासणी करून शिक्का मारून घेतला आणि इथे आणला. सतरा मेला लीनानं आजोबांच्या झाडाचा देठ खायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात गेली. तोंडानं शीळ घालत, आकाशाकडे बघून तिनं दक्षिण शोधली आणि घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून खड्डा खणला.

"विहीणबाई, इथे ऊन फार," मी म्हटलं.

"हो ना! सगळ्यात छान जागा," ती खुशीत म्हणाली.

तिच्या देशात झाडाला द्यायचं ते सगळ्यात मोठं प्रेम म्हणजे ऊन. चांगली भिंत म्हणजे दक्षिणेची भिंत. खरं तर मी तरी काय शहाणी? मीही नागावहून पडवळ, तवशी, दोडका यांचं बियाणं पदराला बांधून आणलं होतं. मे महिन्यात बी लावायचं, जूनला पाऊस आला की वेल मांडवावर. तिचा वसंत आणि माझा पावसाळा, दोन्ही घेऊन आम्ही त्या वाळूवर वाफे काढत बसलो.

आमचं हसं केलं ते ईसा टाउनच्या बाजारातल्या रऊफभाईंनी. आम्ही खत आणायला गेलो होतो. मी अनघाशी मराठीत बोलताना ऐकून गल्ल्यावरचे गृहस्थ उठून उभे राहिले. "ताई, कुठल्या तुम्ही?"

"नागाव, अलिबागजवळ."

"अरे, मी म्हसळ्याचा! रायगडचेच आपण." स्टूल आलं, चहा आला. मग आम्ही काय लावणार ते त्यांनी विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. "ताई, इथं शेतीभातीचा मोसम खलास! टमाटर, कोथमीर सगळं थंडीत. आता तुम्ही लावलंत तर भेंडी येईल, बाकी सगळं भाजून निघेल. ऑक्टोबरात या, इंशाल्ला, मी स्वतः येतो खणायला."

"ऑक्टोबरात मी घरी भात कापत असेन," मी म्हटलं.

"मग भेंडी लावा," रऊफभाई म्हणाले.

गड्ड्याला आधी कोंब फुटले, पानंही उघडली. तळहाताएवढी झाल्यावर मला राहवेना. ताजी, कोवळी, अळूची बहीण शोभतील अशी पानं! मी दोन खुडायला हात घातला, निदान चार वड्या तरी होतील. मारीत स्वयंपाकघरातून ओरडत धावत आली आणि माझा हात चक्क बाजूला केला. पान विषारी असतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोकणातल्या बाईला देठ खायचे पण पान टाकायचं हे सांगितल्याशिवाय सुचणारही नाही. त्या दिवशी आम्ही हसलो. जेवायला अनघानं मचबूस (मसाल्याचा भात, त्यावर मासा) केला होता. त्यातल्या वाळलेल्या लिंबाला मारीत खडा समजली, मी आवळा समजले.

एप्रिल सरायला आला आणि पानं मान टाकू लागली. सकाळी ताठ, दुपारी लोळागोळा. मी एसीचं गळणारं थंड पाणी बादलीत धरून घालत होते, बरस्तीचा (खजुराच्या झावळ्यांचा) तट्ट्या आडवा लावला, पण कडा करपतच राहिल्या. एका दुपारी मारीत झाडापाशी उकिडवी बसली होती. डोळे लाल. "मीच मारलं त्याला," म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले. आमच्यात विहीणपण शिल्लक राहिलं नाही ते त्या दुपारपासून.

आम्ही गड्डा सांभाळून उकरला. खाली तो अजून टणक होता. एका टबात माती भरून तो घरामागच्या रिकाम्या खोलीत ठेवला, तिथे एसी होता. आणि मग खरा प्रश्न उभा राहिला.

मारीतनं तो नीट समजावून सांगितला. आर्ने दरवर्षी एका झाडावर पत्र्याची बादली पालथी घालायचा. अंधारात झाड उजेड शोधत भराभर वाढतं, देठ गुलाबी आणि कोवळे येतात. पण त्यात गड्ड्यातली सगळी ताकद जाते. मोठ्या झाडाला दोन वर्षं विश्रांती दिली की ते सावरतं. हा एवढासा तुकडा सावरणार नाही. असा झाकला तर सतरा मेपर्यंत देठ मिळतील आणि गड्डा संपेल. नाहीतर आत्ताच पुसून फ्रिजमध्ये ठेवायचा, परत न्यायचा आणि तिच्या बहिणीच्या शेतावर लावायचा. तिथे तो जगेल. पण मग लीनाला या वर्षी काही नाही, आणि पुढे कधी ते कोणाला माहीत.

"त्यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं. "फ्रिजमध्ये ठेवा. बियाणं कोणी खातं का? आमच्याकडे लोक उपाशी निजतील, पण बियाण्याच्या कणगीला हात लावणार नाहीत."

"बियाणं कोणासाठी ठेवता?" मारीतनं विचारलं.

"पुढच्यांसाठी."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात लीना माझ्या भेंडीच्या वाफ्याला नळीनं पाणी घालत होती, वाफ्याला कमी आणि स्वतःला जास्त. "ती सहा वर्षांची एकदाच असणार आहे," मारीत म्हणाली. "आर्ने नेहमी म्हणायचा, पुढच्या वर्षी बोलवू त्यांना वसंतात. दरवर्षी म्हणायचा."

मला राग आला. का आला ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी तावातावानं बोलत राहिले. राखलं म्हणून टिकलं, आमची वाडी अशीच टिकली, वगैरे. अनघा लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, आपल्याकडे मी बिनडागी हापूस कधी खाल्ला, आठवतंय तुला?"

वाडीच्या मागे आमची आंब्याची झाडं आहेत. चांगला आंबा पेटीत जातो, पेटी मुंबई-पुण्याला जाते. घरात येतो तो डागी. देठाशी काळा पडलेला, पडून फुटलेला, पाखरानं टोचलेला. तेवढा भाग कापून टाकायचा आणि बाकीचा खायचा. सगळ्या बागायतदारांकडे असंच असतं. त्यात मुलांवर अन्याय होतो असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

"डागीच गोड असतो," मी म्हटलं.

"हो, असतो," अनघा म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागलं.

दोन दिवस मी फारसं बोलले नाही. म्हणजे रुसायचं काम शेवटी मुलीच्या आईनंच केलं. लार्श संध्याकाळी कामावरून आला की त्या खोलीत डोकावायचा, टबाकडे बघायचा आणि दार लोटून घ्यायचा. बापाचं झाड होतं ते. पण तो 'आई म्हणेल ते' यापलीकडे काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मारीतनं विचारलं, झाकायला जड असं काही मिळेल का? मी अनघाला गाडी काढायला लावली आणि रऊफभाईंकडे गेले. त्यांच्या दुकानामागे एक काठ फुटलेला माठ पडला होता, तो त्यांनी तसाच दिला. "ताई, काय झाकणार याखाली?" मी सांगितलं. त्यांनी माठावरची धूळ झटकली. "माझ्या अम्मीचा कढीपत्ता मी कुंडीतून आणलेला. वाचला नाय," म्हणाले. "पण आणलेला ना!"

माठ घेऊन आम्ही खोलीत गेलो. मारीतनं मातीवर हात फिरवला, माठ उचलला आणि तशीच उभी राहिली. "तू ठेव," ती मला म्हणाली. बियाणं खाऊ नये म्हणून भांडणारी मीच, आणि मीच तो माठ तिच्या हातून घेऊन गड्ड्यावर पालथा घातला. काठ फुटला होता तिथे ओला फडका कोंबला. मग आम्ही बाहेर येऊन चहा केला.

पुढचे दिवस शांत गेले. भेंडी वाढत होती. मी आणि मारीत सकाळी लवकर पाणी घालायचो, मग ऊन चढलं की पडदे ओढून घरात. ती मला विणकाम दाखवायची, मी तिला पुरणाची पोळी. तिची पोळी दर वेळी नॉर्वेच्या नकाशासारखी लांबट व्हायची. लीनाला माठ उचलायची सक्त मनाई होती. "बट आजी, हाउ डझ इट नो व्हेअर टू गो इन द डार्क?" तिनं विचारलं. मी मारीतकडे बोट दाखवलं. मारीतनं माझ्याकडे.

सतरा मेला मिरवणूक अगदी सकाळी होती, ऊन तापायच्या आत. नॉर्वेच्या एका कुटुंबाच्या घरी, मोठ्या कंपाउंडात. मारीतनं बूनाद (आपापल्या प्रांताचा पारंपरिक पोशाख) घातला. काळ्या जाड लोकरीचा, भरतकामाचा, वर चांदीची पदकं. बहारीनच्या मे महिन्यात लोकर! "हौसेला मोल नाही," मी म्हटलं, आणि स्वतः जरीची पैठणी नेसून तिच्या शेजारी घामाघूम होत उभी राहिले. पोरं झेंडे नाचवत कंपाउंडातल्या गल्लीतून गेली. लीनानं निळा फ्रॉक आणि माझ्या हट्टानं केसात गजरा घातला होता. जो तो भेटेल त्याला "ग्रातुलेरेर मेद दागेन" (आजच्या दिवसाच्या शुभेच्छा) म्हणत होता. मीही म्हटलं. एका बाईनं मला मारीतची बहीण समजून मिठी मारली. मग सॉसेजेस आणि आइस्क्रीम, पोरांना हवं तेवढं. हा त्यांच्या सणाचा नियमच आहे.

घरी आलो आणि सगळे त्या खोलीत गेलो. मारीतनं माठ उचलला. आत अंधारात गुलाबी देठ उभे होते, टोकांना फिकट पिवळी, मुठीसारखी मिटलेली पानं. मला वाटलं होतं त्याहून सुंदर होतं ते. मारीतनं एक देठ बुडाशी धरून पिळून काढला, पान तोडून टाकलं, आणि लीना वाटीत साखर घेऊन दाराच्या पायरीवर जाऊन बसली.

देठ साखरेत घोळवला, चावला. तिचं सगळं तोंड एका जागी गोळा झालं, एक डोळा मिटला. मग तिनं पुन्हा बुडवला. "इट बाइट्स बॅक," म्हणाली, आणि देठ बापापुढे धरला. लार्श पायरीवर तिच्या शेजारी बसला, त्याचे गुडघे कानापर्यंत आले. त्यानं एक तुकडा तोडला आणि खाल्ला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. वडील गेले तेव्हाही तो रडला नव्हता, असं अनघानं मला सांगितलं होतं. मारीतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं उरलेल्यातला एक देठ माझ्याकडे दिला. मी तो मीठ-तिखट लावून खाल्ला. मारीतनं तसा चाखून पाहिला आणि म्हणाली, आर्नेला हे आवडलं असतं.

गड्डा नंतर मऊ पडला. मी तो भेंडीच्या वाफ्यात पुरला. माझ्या परतीच्या दिवशी सकाळी पहिली भेंडी धरली होती, करंगळीएवढी. लीनानं ती तिथेच खाल्ली.

नागावला पोचले तेव्हा आंब्याचा हंगाम सरत आला होता. पडवीत पेंढ्यावर शेवटची अढी होती आणि हे पुण्याची पेटी भरत बसले होते. बाजूला टोपलीत नेहमीप्रमाणे घरचे डागी. बहारीनमधलं सगळं सांगता सांगता मी निवडायला बसले. हाताला एक आंबा लागला. केशरी, देठाशी पिवळाधमक, कुठे एक टिपका नाही. मी उठले आणि विळी घेऊन आले.

"अगं, तो पेटीतला," हे म्हणाले.

"माहीत आहे."

"पेटीत एक कमी पडेल."

"पडू दे. टोपलीतला नका घालू, दुसरा चांगला काढा."

यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं. "कोणी पाहुणे येणार आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "बसा तुम्ही."